बाराच्या आतलं जेवण

आमच्या मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, धान दिसला की पाय थांबतात. हे मी लग्न होऊन आले त्याच वर्षी शिकले. कोणाच्या मयतीला निघालेले असोत की तलाठ्याकडे, सडकेच्या कडेला धानाची बांधी दिसली की हा माणूस उतरणार, लोंबी हातात घेणार, दाणा दाताखाली फोडणार आणि ज्याचं शेत आहे त्याला नावं ठेवणार. गोष्ट खरी शकुबाईची सांगायची आहे, पण ती मामाजींच्या या खोडीपासूनच सुरू होते, त्याला माझा इलाज नाही.

धानोऱ्याकडच्या आमच्या गावातून दर ऑक्टोबरात पंधरा-वीस माणसं पायी चांद्याला, म्हणजे चंद्रपूरला, दीक्षाभूमीवर जातात. पुढे पंचशील झेंडा, सगळ्यांचे कपडे पांढरे, मागे सामानाचा टेम्पो. टेम्पो माझा भाचा विक्की चालवतो. छप्पन साली बाबासाहेबांनी तिथे दीक्षा दिली तेव्हा मामाजी सहा वर्षांचे होते आणि बापाच्या खांद्यावर बसून चांद्याला गेले होते. गर्दीतलं त्यांना काही आठवत नाही, बापाच्या डोक्याला लावलेल्या तेलाचा वास तेवढा आठवतो म्हणतात. सासूबाई गेल्यापासून ते दरवर्षी चालतात. गुडघे कुरकुरतात, पण टेम्पोत बसा म्हटलं की असे बघतात, जसं काही मी त्यांना तिरडीवर बसायला सांगितलं.

निघताना भंतेजींकडून सगळे पंचशील घेतात. मामाजी अष्टशील घेतात. त्यात दुपारी बारानंतर जेवायचं नसतं, थेट दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर. पाणी चालतं, गूळपाणी चालतं, बाकी काही नाही. मी पंचशीलवाली. मला दिवस मावळला की भात लागतो, उगाच खोटं कशाला बोलू? पण मामाजींचं एकदम कडक. मनगटावर किल्लीचं घड्याळ, आणि बाराला पाच मिनिटं कमी असताना ताटातला शेवटचा घास संपलेला. त्यानंतर कोणाची हिंमत नाही त्यांना शेंगदाणा द्यायची.

वाटेत माणसं फार भेटतात, बाप्पा. वैनगंगेचा पूल ओलांडला की व्याहाडला बचत गटाच्या बाया पोह्यांचं गंज, हे मोठं पातेलं, घेऊन उभ्या असतात. सावलीच्या अलीकडे एक गोंड म्हातारी बस थांब्यावर सीताफळं घेऊन बसते, ती विकायला बसलेली असते, पण आमचा झेंडा दिसला की टोपलीच पुढे करते. मूल गावाजवळ एक पेट्रोल पंपवाला आहे, तो काही न बोलता संडासाची चावी बायांच्या हातात देतो. पुरुषांना पोहे आठवतात, चहा आठवतो. आम्हा बायांना विचाराल तर आम्ही या चावीवाल्या भावाला आधी दुवा देऊ.

ही गोष्ट ज्या वर्षीची, त्या वर्षी मूल गाव सोडलं आणि जंगल लागलं. मूलपासून चांद्यापर्यंतची सडक वाघाची आहे, हे इथल्या लेकराला विचारलं तरी सांगेल. जंगलाच्या गार्डनं बजावून ठेवलं होतं की घोळक्यानं चाला आणि पाचच्या आत सडक मोकळी करा. आम्ही तळ्याजवळच्या आमराईत अकरा वाजता जेवलो. वाढायला मी होते. सगळ्यांना वाढता वाढता माझ्या वाट्याला गंजातली खरवड आली, ती खाल्ली आणि निघाले. मामाजी व्यवस्थित जेवले, घड्याळ पाहिलं, चूळ भरली. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते काठी टेकत, रांगेच्या मागच्या बाजूला, एकटेच काहीतरी पुटपुटत चालताना.

पुढचा मुक्काम एका गावातल्या शाळेत होता. तिथे पोचून मी विक्कीला म्हटलं, मामाजींना उतरव, त्यांना गूळपाणी देते. विक्की माझ्या तोंडाकडे बघायला लागला. तो म्हणाला, ते तर तुमच्यासंगं चालत होते ना? त्यांची पिशवी टेम्पोत, चादर टेम्पोत, मोबाईलसुद्धा पिशवीत. पिशवी दिसत होती म्हणून चालणाऱ्यांना वाटलं मामाजी टेम्पोत आहेत, आणि टेम्पोवाल्याला वाटलं चालत आहेत.

मी विक्कीला काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. टेम्पो फिरवला. तळ्यापर्यंत परत गेलो, दोन्ही बाजूंना हाका मारत. सागाची पानं वाळायला लागली होती, जरा वारा आला की वाजायची आणि मला वाटायचं, कोणीतरी चालतंय. कुठे काही नाही. एका ठिकाणी गार्ड भेटला. त्यानं वायरलेसवर कळवलं, पण आम्हाला सडकेवरून खाली उतरू देईना. चार दिवसांआधी याच पट्ट्यात पट्टेदार वाघानं वासरू उचललं म्हणाला. हे त्यानं सांगायला नको होतं. मनातल्या मनात मी मामाजींना शिव्या देत होते आणि हात जोडत होते. सापडा तुम्ही, म्हटलं, एकदा सापडा, मंग मी तुम्हाला बघते. नवऱ्याला फोन लावायला निघाले आणि लावला नाही. काय सांगणार होते? तुझा बाप सडकेवर विसरले म्हणून?

दिवस मावळतीला आला तसे शाळेच्या फाटकापाशी उभे होतो सगळे. कोणी बसत नव्हतं. तेवढ्यात एक फटफटी आली. चालवणारा कोणीतरी गावचा गडी, मागे एक म्हातारा, धोतर, डोक्याला दुपट्टा. तो उतरला, आमच्या पांढऱ्या कपड्यांकडे बघितलं, रामराम घातला. मी जय भीम म्हटलं. मग तो अगदी सावकाश, गाय चुकली आहे का विचारावं तसं, म्हणाला, "तुमच्यातला एखादा म्हातारा कमी हाये का जी?"

मी त्याचा हातच धरला.

"हाये आमच्या घरी. धडधाकट हाये," तो म्हणाला. "पर जेवत नाई जी."

मी तिथेच, फाटकाच्या धुळीत, बसले आणि ढसाढसा रडले. लाज-बिज काही वाटली नाही. जिवात जीव आला म्हणतात ना, तो अंगात परत येताना कुठून कुठून येतो ते मला त्या दिवशी कळलं, आधी पाय दुखायला लागले, मग भूक लागली आणि मग संताप आला. डोळे पुसले आणि विक्कीला म्हटलं, काढ टेम्पो.

हा म्हातारा म्हणजे मुखरूभाऊ. टेम्पोत माझ्या शेजारी बसून त्यांनी सगळं सांगितलं. सडकेपासून आत त्यांचा टोला आहे, मोजकी घरं, एक बोडी म्हणजे लहानसं तळं, तिच्या पाण्यावर धान. त्यांची बायको शकुबाई पोपट हाकलायला बांधीवर गेली होती. बघते तर पांढऱ्या कपड्यातला एक परका म्हातारा तिच्या वरच्या बांधीत गुडघे टेकून, धानाचे बुंधे बोटांनी फाकवून आत बघतोय. तिला वाटलं, काहीतरी हरवलं बिचाऱ्याचं. मामाजींनी मान वर केली आणि ओळख ना पाळख, तिलाच झापलं की धानाला तुडतुड्याची कीड लागली आहे, पाणी काढ आधी बांधीतलं. सडकेवरून त्यांना धान पिवळा पडलेला दिसला होता. तेवढ्यासाठी हा माणूस जंगलाच्या सडकेवरून खाली उतरून, दोन बोडींचे काठ ओलांडून आत गेला होता. शकुबाईनं आधी पाणी काढलं, मामाजींनी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभं राहून कुठून फोडायचं ते दाखवलं, यात दिवस कलला. मग मामाजी निघाले तर शकुबाईनं वाट अडवली. वाघानं वासरू नेलं ते त्याच पायवाटेवरून. तिनं त्यांची काठी आपल्या हातात घेतली आणि त्यांना घरी घेऊन गेली. मामाजींना कोणाचा नंबर पाठ नाही, फोन पिशवीत. मुखरूभाऊ बाजारातून यायचे होते. ते आले तसे शेजाऱ्याच्या फटफटीवर आम्हाला शोधत निघाले.

मी हात जोडले. ते म्हणाले, ते राहू द्या, तुम्ही आधी चला आणि त्यांना जेवायला सांगा, आमची बाई रडून राहिली आहे. मला कळेना. हरवलेला माणूस आमचा, रडते ही कशाला? मी त्यांना अष्टशील समजावून सांगितलं, की बारानंतर जेवायचं नसतं. त्यांना लगेच पटलं. म्हणाले, "हे तं आमच्या एकादशीवानी झालं. मले समजलं. पर शकूले नाई समजनार. तिले वाटते, तुमचा म्हातारा बहाना करून राह्यला."

आणि मग, टेम्पो खड्ड्यांतून आपटत असताना, त्यांनी मला त्यांच्या बायकोची जुनी गोष्ट सांगितली. शकुबाई लग्न होऊन त्या घरात आली तेव्हा पोरच होती. पहिल्या पावसाळ्यात रोवण्याला, म्हणजे धानाच्या लावणीला, बाया लावल्या, त्यात बौद्ध मोहल्ल्यातल्या बाया होत्या. रोवणाऱ्या बायांना जेवण मालकाकडचं, ही तिकडची रीत. शकुबाईच्या सासूनं सगळ्यांची पंगत ओसरीवर मांडली आणि या बायांच्या पत्रावळी गोठ्यात. त्या बाया गोठ्याच्या दाराशी आल्या, पत्रावळी पाहिल्या आणि म्हणाल्या, आमचं झालं जेवण. शकुबाईला ते खरं वाटलं. बिचारीनं गंज उचलून परत नेलं. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी त्यांच्यातली धुरपता नावाची तिच्याच वयाची पोर चिखलात चक्कर येऊन पडली. शकुबाईनं तिला उचलून धुऱ्यावर बसवलं, तोंडावर पाणी मारलं, आणि विचारलं की तू तर जेवून येतेस ना? तेव्हा धुरपतानं सांगितलं, आम्ही उपाशी येतो, पण गोठ्यात जेवणं आता सोडलं आहे.

मी खिडकीतून बाहेर बघत होते. मुखरूभाऊंना माहीत नव्हतं की ही गोष्ट मला उलट्या बाजूनं पाठ आहे. माझी आजी अशीच दिवसभर दुसऱ्याच्या चिखलात उभी राहायची आणि "आमचं झालं" म्हणायची. घरी आली की आधी मडक्यातली आंबील प्यायची, उभ्यानंच, मग आमच्याशी बोलायची. म्हणून खरं सांगते, मला त्या शकुबाईचं कौतुक वगैरे काही वाटलं नाही तेव्हा. रागच आला. रडायचं काम आमचं, आणि रडते ही!

घर कवेलूच्या छपराचं होतं, ओसरी शेणानं सारवलेली. मामाजी बाजेवर ताठ बसलेले, मनगटावर घड्याळ, समोर पाटावर झाकलेलं ताट. मला पाहिल्यावर हा माणूस काय म्हणाला असेल? "सत्यशीला, यायच्या वरच्या बांधीत तुडतुडा हाये. मी पानी काढाले लावलं."

माझ्या तोंडाचा पट्टा सुटणारच होता. सगळ्या वाटेनं जुळवून आणलं होतं, की तुम्हाला आता दोरीनं बांधून टेम्पोत टाकते. पण दाराच्या चौकटीला टेकून एक बाई उभी होती. काटकुळी, पांढरे केस, हातात पळी तशीच. डोळे सुजलेले. ती मामाजींकडे बघत नव्हती, ताटाकडे बघत होती. माझा पट्टा तोंडातच राहिला.

मी मामाजींना हळूच विचारलं, तुम्ही सांगितलं नाही का यांना? मामाजी वैतागून म्हणाले, दहादा सांगितलं, ही ऐकतच नाही. मग शकुबाई बोलली. आवाज अगदी साधा, भांडणाचा नाही.

"माय, मी लय वर्सांपासून ऐकत आली. आमचं झालं, आमचं झालं. आता हे म्हनतात, बाराच्या नंतर जेवत नाई. मी ओसरीवर वाढलं, घरच्या ताटात वाढलं. आता आनखी का करू मी?"

मामाजी खाली बघायला लागले. त्यांनाही आता कुठे उमगलं होतं की ही कशाबद्दल रडते. एवढा वेळ दोघं एकमेकांसमोर बसले होते, एक शील सांभाळत आणि एक ताट सांभाळत, आणि कोणालाच दुसऱ्याचं कळलं नव्हतं. मामाजींनी ताटाकडे हात नेला. खरंच नेला. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना शील मोडायच्या बेतात पाहिलं. त्यांचा हात मधेच थांबला. ते मला बघवलं नाही.

मी खाली बसले. पाट माझ्याकडे ओढला.

"बाई," मी म्हटलं, "माझी आजी पन असंच म्हनायची, आमचं झालं. तिचं झालेलं नसे, ती उपाशी राहे. मामाजींचं खरंच झालं हाये, अकरा वाजता, माझ्या हातचं. उपाशी मी हाये. मले वाढता का?"

आणि ताटावरचं झाकण काढलं. भात निवला होता, उडदाचं वरण, धोप्याच्या, म्हणजे अळूच्या, पानांच्या वड्या, वर मिरचीचा ठेचा. मी भात कालवला आणि जेवायला लागले. सासऱ्यासाठी वाढलेलं ताट सून ओढून घेते, हे आमच्याकडे काही शोभेचं नाही, पण मला तेव्हा कशाचं भान नव्हतं. भूकच इतकी लागली होती की पहिले चार घास मी चावलेसुद्धा नाहीत. शकुबाई बघत राहिली. मग आत गेली आणि ऊन ऊन भात घेऊन आली, माझ्या ताटात वाढला, आणि पुन्हा वाढला, आणि नको म्हटलं तरी पुन्हा वाढला. मी वड्या मागून घेतल्या. वड्या फार चांगल्या होत्या, हे काही मी तिचं मन राखायला सांगत नाही. तिसऱ्यांदा ती वाढायला वाकली तेव्हा मी म्हटलं की तुम्हीही ताट घ्या, मी एकटी किती खाऊ? ती म्हणाली, गडीमाणसं राहिली आहेत. मुखरूभाऊ खाटेवरून म्हणाले, बस ना, आम्ही मरत नाही. तेव्हा ती माझ्यासमोर बसली आणि जेवली. मी पाहिलं, तिलाही चांगलीच भूक होती.

अंधार पडला होता, त्या कच्च्या वाटेनं टेम्पो न्यायला गार्डनं फोनवर मनाई केली, म्हणून आम्ही तिथेच राहिलो. विक्कीला खाट मिळाली आणि शिव्यांतून सुट्टी मिळाली. मी आणि शकुबाई ओसरीवर बसलो होतो, तेव्हा तिनं पुढची गोष्ट सांगितली, जी मुखरूभाऊंनी सांगितली नव्हती.

धुरपता चक्कर येऊन पडली त्याच्या पुढच्याच आठवड्यात सासू एका लग्नाला गेली. शकुबाईनं त्या दिवशी सगळ्या बायांना ओसरीवर एका पंगतीत बसवलं. सासू परत आली, तिला कळलं, तिनं ओसरी धुऊन सारवली आणि धान कापून घरी येईपर्यंत सुनेच्या हातचं अन्न खाल्लं नाही. स्वतःची चूल वेगळी मांडली. शकुबाई मागे हटली नाही. पुढच्या वर्षीही पंगत ओसरीवरच बसली. आता हे ऐकून मला वाटलं की ती शेवटी सांगेल, धुरपता पोटभर जेवली म्हणून. तसं झालं नाही. बाकीच्या बाया जेवल्या, हसल्या, गाणी म्हटली. धुरपता पंगतीत बसली आणि म्हणाली, माझं झालं. दरवर्षी तेच. दोघी शेजारी शेजारी रोवणा करायच्या, मोहफुलं वेचायला संगं जायच्या, धुरपताच्या बाळंतपणात शकुबाई रात्रभर बसली होती. पण तिच्या घरचा घास धुरपतानं कधी खाल्ला नाही. रागानं नाही, हसून म्हणायची. शकुबाईनं एकदा विचारलं, तर म्हणाली, तुझ्यावर राग नाही, पण माझी माय त्या गोठ्यात जेवली आहे. दोन वर्षांआधी धुरपता वारली.

"एक घास नाई खाल्ला माय तिनं," शकुबाई म्हणाली. "मी तिले दोष नाई देत. पर मले वाटे, कोनीतरी खावं."

धुरपताचं चूक होतं असं मी म्हणू शकत नव्हते, आणि म्हटलंही नाही. माझ्या आजीनंही नसतं खाल्लं. मी एवढंच म्हटलं की उद्या उजाडलं की मामाजींचं जेवण सुरू होतं, आणि सकाळी त्यांची भूक बघाल तर घाबराल. ती एकदम सरळ बसली. उजाडल्यावर म्हणजे नेमकं केव्हा, दिवस निघाल्यावर की तांबडं फुटल्यावर? मी सांगितलं, हाताच्या रेषा दिसल्या की झालं.

सकाळी मला जाग आली ती तिच्या चाहुलीनं. चूल पेटलेली होती, लवकर निघणाऱ्या नव्या हलक्या धानाचा भात शिजत होता, आणि शकुबाई अंगणात उभी राहून तळहात डोळ्यांसमोर धरून बघत होती. बघायची, आत जायची, पुन्हा बाहेर यायची. मामाजी तोंड धुऊन ओसरीवर येऊन बसले होते, तेही आपला हात बघत होते. मग एकदाची ती म्हणाली, "दिसल्या भाऊ, मले दिसल्या," आणि ताट आणलं. मामाजी जेवले. बाप्पा, काय जेवले! सत्तरी उलटलेला माणूस, एका शब्दानं बोलला नाही, वर मान केली नाही, भात संपवला, वरण संपवलं आणि ताट पुढे केलं. शकुबाई वाढत होती आणि पदरानं नाक पुसत होती. मुखरूभाऊ मला म्हणाले, आता घरात आमच्यासाठी काही उरत नाही बघा. सगळे हसलो. विक्कीसुद्धा हसला, म्हटलं हास बाबा, आता हास.

निघताना मामाजींनी वरची बांधी पुन्हा एकदा बघितली, पाणी निघालं होतं. शकुबाईनं माझ्या ओटीत भाजलेले चिंचोके, शेंगदाणे असं काहीबाही घातलं आणि मामाजींना विचारलं, पुढच्या वर्षी आमच्या टोल्यावर किती वाजता याल? मामाजींनी हिशेब केला. मूलवरून पहाटे निघालं, तळ्याजवळच्या आमराईत अकराला जेवलं, तरी इथे यायला तीन तरी वाजतात. मग नाही जमायचं, असं ती म्हणाली. आम्ही सडकेला लागलो. बाकीचे लोक शाळेपाशी वाट बघत होते, मामाजी दिसताच त्यांनी जो जयघोष केला तो मुखरूभाऊंच्या टोल्यापर्यंत गेला असेल.

त्या वर्षाचं तसं झालं. पुढच्या वर्षी मामाजींचा एक गुडघा बसलाच. चालणं बंद, पण यायचं बंद नाही. टेम्पोत पुढे विक्कीच्या शेजारी बसून, कपाळाला आठ्या घालून, सगळ्या वाटेनं दुसऱ्यांच्या शेतांना नावं ठेवत आले. मूलच्या पुढे तळ्याजवळच्या त्याच आमराईत आम्ही थांबलो. मी गंज उतरवत होते. तेवढ्यात चांद्याकडून एसटी आली आणि आमराईसमोर थांबली. तिथे थांबा नाही. दार उघडलं आणि आतून आधी एक मोठा डबा खाली आला, मग धोप्याच्या पानांत बांधलेलं काहीतरी, आणि मग शकुबाई. मागे मुखरूभाऊ, हातात पाण्याची कळशी. कंडक्टर हसत होता. तिनं आख्ख्या गाडीला सांगितलं असणार.

ती टोल्यावरून पहाटे निघाली होती. तारीख तिला ठाऊकच होती, वेळ आणि जागा तिनं मागच्या वर्षीच मामाजींच्या हिशेबातून धरून ठेवली होती. आम्ही तिच्यापर्यंत बाराच्या आत पोचत नाही, म्हणून ती आमच्यापर्यंत आली. मी धावत गेले. तिनं मला डबा दिला, पण थांबली नाही, सरळ टेम्पोपाशी गेली.

"भाऊ, वाजले किती?"

मामाजींनी घड्याळ बघितलं. सव्वा अकरा.

"मंग उतरा खाली," शकुबाई म्हणाली. "आज तुमच्याजवळ बहाना नाई."

मामाजी उतरले, मांडी घालता येत नव्हती म्हणून आंब्याच्या मुळीवर पाय पसरून बसले. शकुबाईनं दोन ताटं मांडली, एक त्यांच्यासमोर, एक स्वतःसमोर. तीही सकाळपासून उपाशी होती. मामाजींनी पहिला घास उचलला, तोंडापाशी नेला, आणि थांबून विचारलं, तुडतुडा गेला का?

"गेला," ती म्हणाली. "जेवा आता."

मी गंजावरचं झाकण पुन्हा लावलं. त्या दिवशी वाढायचं काम माझ्याकडे नव्हतं.